भेसळीने घडवलेली दुधाची व्याख्या

दुधाची कायदेशीर व्याख्या कोरडी वाटते, पण तिच्यातली जवळजवळ प्रत्येक अट कुठल्यातरी जुन्या लबाडीला दिलेलं उत्तर आहे.

एकोणिसाव्या शतकात शहरं फुगली आणि गोठा गिऱ्हाइकाच्या नजरेआड गेला. न्यूयॉर्कमध्ये तर दारूच्या भट्ट्यांना लागूनच गोठे होते; भट्टीतला उरलेला चोथा गायींना घालत. तिथल्या आजारी गायींच्या दुधाविरुद्ध ‘फ्रँक लेस्लीज’ या सचित्र साप्ताहिकाने १८५८ मध्ये मोहीम उघडली आणि १८६२ मध्ये राज्याने कायदा केला.

पाणी घालण्याचा धंदा त्याहून जुना आणि पकडायला अवघड. लॅक्टोमीटर फक्त घनता दाखवतो. मलई काढली की दूध जड होतं, पाणी घातलं की हलकं. दोन्ही बेताने केलं, की लॅक्टोमीटर अस्सल दुधाच्या खुणेवरच तरंगतो! म्हणजे फॅट वेगळं मोजणं भाग होतं. अमेरिकेत स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये त्याची स्वस्त चाचणी दिली: दुधात सल्फ्युरिक आम्ल घालायचं, बाटली यंत्रात गरगर फिरवायची आणि मानेत वर आलेलं फॅट मोजायचं.

त्यानंतर कायदा आकड्यांत बोलू लागला. इंग्लंडच्या १९०१ च्या नियमांत ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (पाणी आणि फॅट वगळून उरणारे घन पदार्थ) ठरलं. त्याहून कमी भरलं तर भेसळ गृहीत धरायची, पण तसं नाही हे सिद्ध करायची मुभा होती. ‘माझी गायच असं दूध देते’ असं मालकाने म्हटलं, की अधिकाऱ्यांसमोर धार काढून नमुना घेत. याला ‘गायीकडे अपील’ म्हणायचे.

१९०८ च्या जिनिव्हातल्या अन्नभेसळविरोधी परिषदेची व्याख्या मला सगळ्यांत बारकाईची वाटते: निरोगी, नीट पोसलेल्या, अतिश्रम न झालेल्या दुभत्या जनावराची पूर्ण आणि सलग धार काढून मिळालेलं अखंड दूध, त्यात चीक नको. ‘पूर्ण धार’ का? सुरुवातीच्या धारा पातळ असतात, फॅट शेवटी उतरतं. अर्धवट काढलेलं दूध विकणारा पाण्याचा थेंबही न घालता फसवू शकतो.

जनावर कोणतं, यावर मात्र एकमत नव्हतं. फ्रान्सच्या १९२४ च्या हुकुमानुसार नुसतं ‘दूध’ म्हणजे गायीचं. भारतात १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली प्रकार न सांगता विकलेल्या दुधाला म्हशीचे, म्हणजे जास्त कडक निकष लागत. १९९९ च्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकाने कोणतंही दुभतं जनावर चालवून घेतलं. काही घालायचं नाही, काही काढायचं नाही, एवढंच.

तोवर भांडण पाण्यावरून पर्यायी पदार्थांवर सरकलं होतं. मलई काढून वनस्पती तेल घातलेलं दूध अमेरिकेने १९२३ मध्येच आंतरराज्य व्यापारातून हद्दपार केलं होतं. आता सोया आणि ओट आले. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं, की निव्वळ वनस्पतिजन्य पेयाला ‘दूध’ म्हणून विकता येणार नाही, पुढे ‘सोयाचं’ असा खुलासा जोडला तरी नाही. नारळाचं दूध मात्र अपवादांच्या यादीत असल्याने सुटलं. अमेरिकेच्या नियमांत दूध आजही फक्त गायीचं, तरी २०२३ च्या मसुद्यात तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ‘सोया मिल्क’ हे नाव चालू दिलं आणि पोषणातला फरक लेबलवर सांगावा, एवढीच शिफारस केली.