वीस रुपयांचा ब्रश आणि दोन हजारांचा ब्रश

यंदाच्या दिवाळीत सोलापूरच्या विडी घरकुल भागात राहणाऱ्या, आमच्या जुन्या ओळखीच्या अक्कांना त्यांच्या मुलाने पुण्याहून विजेवर चालणारा टूथब्रश आणून दिला. किंमत दोन हजारांच्या घरात. अक्का खोके घेऊन थेट आमच्याकडे आल्या आणि ते टेबलावर ठेवत म्हणाल्या, “सर, आमच्या वीस रुपयांच्या ब्रशनं काय वाईट केलतं?” प्रश्न रास्त होता. जी वस्तू नवी पेठेतल्या कोणत्याही दुकानात वीस-तीस रुपयांना मिळते, तिच्याऐवजी शंभरपट किमतीची वस्तू घ्यायची, तर ती नेमके काय जास्त करते हे विचारण्याचा हक्क घेणाऱ्याला आहेच.

उत्तर शोधायचे तर आधी ब्रशचे काम काय, हे नीट समजून घ्यायला हवे. शेंगदाण्याच्या चटणीचे कण किंवा कडक भाकरीचा तुकडा दातांत अडकला की तो काढणे म्हणजे दात स्वच्छ करणे, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात असे कण चुळेने किंवा जिभेने बऱ्याचदा निघून जातात. चुळेने जे निघत नाही ते म्हणजे दातांवरचा बुळबुळीत थर, जो सकाळी उठल्यावर जिभेला सहज जाणवतो. त्याला दंतवैद्य प्लाक म्हणतात. हा थर म्हणजे जिवाणूंची दाट वस्ती असते. जिवाणू स्वतःच तयार केलेल्या चिकट द्रव्यात एकमेकांना आणि दाताला धरून राहतात, त्यामुळे पाण्याच्या साध्या प्रवाहाने ते हलत नाहीत. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्ले की यांतले काही जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात, आणि दातालगतच्या थराचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरचे कठीण कवच, म्हणजे एनॅमल, विरघळू लागते. हाच थर हिरडीच्या कडेला साचून राहिला तर हिरडी सुजते, लाल होते आणि ब्रश लागताच रक्त येते.

प्लाक आणि हिरडीची सूज यांचा हा संबंध १९६५ साली डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार सोप्या रीतीने दाखवून दिला. त्यांनी हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि दात पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. या प्रयोगाचे मला आजही अप्रूप वाटते, कारण त्यात एकही महागडे उपकरण नव्हते आणि तरीही ब्रशचे खरे काम काय आहे हे त्याने कायमचे ठरवून दिले. हिरडीच्या कडेचा थर रोज मोडत राहायचा, हेच ते काम आहे. ते वीस रुपयांच्या ब्रशने होत असेल तर तो ब्रश पुरेसा आहे.

मग ते होते का? अक्कांना मी दंतवैद्याकडून आणलेली एक गुलाबी गोळी दिली. ही गोळी चावून लाळ तोंडभर फिरवली की तिच्यातला खाण्याचा रंग प्लाकला चिकटतो आणि स्वच्छ दात पांढरे राहतात. त्याआधी अक्कांनी त्यांच्या नेहमीच्या ब्रशने, नेहमीच्या पद्धतीने दात घासले होते. आरशात पाहिले तेव्हा समोरच्या पटाशीच्या दातांच्या दर्शनी बाजू चकचकीत होत्या, पण हिरडीला लागून एक बारीक गुलाबी रेघ दातामागून दात अशी अखंड गेली होती, आणि खालच्या दाढांची जिभेकडची बाजू तर पूर्ण रंगली होती. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तीच गोळी चावली. माझी उजवी बाजू डावीपेक्षा कितीतरी जास्त गुलाबी निघाली, कारण उजव्या हाताने उजवीकडच्या दाढा घासताना मनगट अवघडते आणि तिथून हात लवकर निघून येतो. ज्यांना आपण दात उत्तम घासतो अशी खात्री आहे, त्यांनी ही गोळी एकदा अवश्य चावून पाहावी.

हाताने एकदा दात घासल्यावर किती प्लाक निघतो, हे मोजणाऱ्या ५९ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेली सरासरी ४२ टक्के आहे, म्हणजे निम्म्याहून अधिक थर मागे राहतो. त्याचे पहिले कारण वेळ. दोन मिनिटे घासावे असे सांगितले जाते, आणि दोन मिनिटे घासतो असे आपल्याला वाटतेही, परंतु घड्याळ लावून पाहिले तर बहुतेकांचा हात एका मिनिटाच्या आसपासच थांबतो. दुसरे कारण जागा. ब्रश दाताच्या पोटावरून आडवा फिरतो आणि हिरडीची कड चुकते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे डॉक्टर चार्ल्स बास यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर सुचवलेली पद्धत याच कडेसाठी आहे. ब्रशचे मऊ केस हिरडीकडे साधारण ४५ अंशांत तिरके टेकवायचे आणि जागच्या जागी अगदी लहान हालचाल करायची. पद्धत सोपी आहे, पण ती सत्तावीस-अठ्ठावीस दातांवर, आतून आणि बाहेरून, अर्धवट झोपेत दररोज पाळणे सोपे नाही.

विजेचा ब्रश उपयोगी पडतो तो इथे. हातमाग आणि यंत्रमाग यांतला फरक सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. धोटा फेकण्याचे काम यंत्राकडे गेले तरी सूत जोडणारे आणि तुटलेला धागा पाहणारे डोळे माणसाचेच राहिले. या ब्रशचेही तसेच आहे. ती लहान, नेमकी हालचाल ब्रश स्वतः करतो, आणि योग्य जागी तो नेऊन टेकवायचे काम हाताकडे राहते. बाजारात दोन मुख्य जाती आहेत. एकीचे डोके लहान आणि गोल असते आणि ते थोडेसे मागे-पुढे फिरत राहते. दुसरीचे डोके साध्या ब्रशसारखे लांबट असते आणि ते अतिशय वेगाने थरथरते. या दुसऱ्या जातीला सोनिक म्हणतात. त्यातल्या एका प्रसिद्ध ब्रशच्या खोक्यावर मिनिटाला ३१,००० फटके असा आकडा असतो. एका कंपनात जाणारा आणि येणारा असे दोन फटके धरले तर ही सेकंदाला सुमारे २६० कंपने होतात, आणि पेटीवरचा मध्य सप्तकातला पांढरी एक हा स्वर जवळजवळ तेवढ्याच कंपनसंख्येचा असतो. म्हणजे सोनिक या शब्दात गूढ काही नाही, ब्रशचे थरथरणे आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्टीत आहे एवढाच त्याचा अर्थ.

असा ब्रश मुळात कोणासाठी जन्माला आला, हे पाहण्यासारखे आहे. नायलॉनच्या केसांचा ब्रशच १९३८ साली आला, त्याआधी डुकराचे राठ केस वापरत. त्यानंतर १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये फिलिप-गी वूग यांनी घरातल्या विजेवर चालणारा ब्रॉक्सोडेंट नावाचा ब्रश तयार केला. ज्यांच्या हातांच्या हालचालींना मर्यादा आहेत आणि ज्यांच्या दातांना तारा बसवल्या आहेत, असे रुग्ण त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ऐटीची वस्तू म्हणून तो नंतर ओळखला जाऊ लागला.

आता पुराव्याकडे वळू. आरोग्यविषयक चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ साली ५६ चाचण्यांचा, एकूण ५,०६८ व्यक्तींचा आढावा घेतला. विजेचा ब्रश वापरणाऱ्यांमध्ये एक ते तीन महिन्यांत प्लाक ११ टक्क्यांनी आणि तीन महिन्यांनंतर २१ टक्क्यांनी कमी आढळला, तर हिरडीची सूज अनुक्रमे ६ आणि ११ टक्क्यांनी कमी आढळली. सर्वांत भरवशाचा पुरावा गोल फिरणाऱ्या डोक्याच्या ब्रशचा होता. हे आकडे वाचताना सावध राहायला हवे. २१ टक्के म्हणजे शंभरांपैकी एकवीस दात वाचले असे नव्हे. साध्या ब्रशने राहणाऱ्या थराला जेवढे गुण दिले जातात, त्यांत एवढी घट झाली इतकेच ते सांगतात. शिवाय चाचण्या बहुतेक काही महिन्यांच्या असतात, आणि दात किडायला वर्षे लागतात.

वर्षांचा हिशोब देणारा एक अभ्यास जर्मनीच्या ईशान्येकडील पोमेरेनिया भागातून २०१९ साली आला. २,८१९ प्रौढांकडे ११ वर्षे लक्ष ठेवल्यावर विजेचा ब्रश वापरणाऱ्यांच्या पडलेल्या दातांची संख्या इतरांपेक्षा सुमारे एक-पंचमांशाने कमी असल्याचे दिसले आणि त्यांच्या हिरड्यांची हानीही अधिक सावकाश झाली. निष्कर्ष आशादायक आहे, परंतु तिथे कोणी कोणता ब्रश वापरावा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. महागडा ब्रश विकत घेणारा माणूस अनेकदा दंतवैद्याकडेही वेळेवर जातो. अभ्यासकांनी असे फरक हिशोबात धरले असले, तरी ते पूर्णपणे पुसले जात नाहीत. माझ्या मते विजेच्या ब्रशचा फायदा खरा आहे आणि तो मध्यम आहे. त्यातला बराचसा भाग फिरणाऱ्या डोक्याइतकाच त्याच्या पोटातल्या घड्याळाचाही असावा. चांगल्या ब्रशमध्ये दर तीस सेकंदांनी एक खूण मिळते आणि दोन मिनिटांनी तो थांबतो किंवा तसा इशारा देतो. काहींमध्ये दाब वाढला की दिवा लागतो, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण जोर लावून घासल्याने हिरडी मागे सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. महिन्याभरातच ब्रशचे केस चहूबाजूंना फाकत असतील, तर हात जड आहे असे समजावे.

पैशांचा हिशोबही सरळ मांडू. साधा मऊ ब्रश तीस रुपयांचा धरला आणि तो दर तीन महिन्यांनी बदलला, तर माणशी वर्षाला एकशेवीस रुपये होतात. विजेच्या ब्रशची मूठ दोन हजारांना घेतली, तरी त्याची डोकीही तितक्याच वेळा बदलावी लागतात, आणि एका डोक्याचे अडीचशे रुपये धरले तर वर्षाला आणखी हजार होतात. मूठ एक आणि डोकी प्रत्येकाची वेगळी, अशी काटकसर घरात करता येते. पेन्सिल सेलवर चालणारे दोन-तीनशे रुपयांचे ब्रशही मिळतात, पण सेल उतरू लागला की त्यांची हालचाल मंदावते आणि ते लक्षातही येत नाही.

ज्या घरात ओढाताण आहे, तिथे हे दोन हजार रुपये आधी दुसरीकडे गेले पाहिजेत. फ्लोराइड असलेली पेस्ट हवी, कारण एनॅमल सावरण्याचे काम ती करते, आणि राखुंडीने ते होत नाही. दगडासारखे घट्ट झालेले कीटण कोणत्याच ब्रशने निघत नाही, त्यासाठी दंतवैद्याकडेच जावे लागते. दात साफ करून घेतल्याने ते हलू लागतात, या समजुतीपायी आपल्याकडे कितीतरी जण वर्षानुवर्षे जात नाहीत. खरे तर हिरडी आणि हाड आधीच खचलेले असते आणि ते कीटणाखाली झाकलेले असते. आणि मशेरी. सोलापूरच्या पेठांमध्ये आणि आसपासच्या खेड्यांत ती आजही सकाळी दातांना लावली जाते. भाजलेली तंबाखू हिरडीवर चोळणे म्हणजे दात घासणे नव्हे. बिनधुराची तंबाखू माणसात कर्करोग निर्माण करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे नोंदवले आहे. मशेरी चालू ठेवून वर दोन हजारांचा ब्रश घेणाऱ्याने आधी मशेरीची डबी बाजूला ठेवावी, हे मी कळकळीने सांगतो.

अक्कांच्या बाबतीत मात्र मी तो खोका परत पाठवू दिला नाही. चाळीस वर्षे विड्या वळून त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे आखडली आहेत. त्यांनी साधा ब्रश माझ्यासमोर हातात धरून दाखवला तेव्हा तो त्यांच्या मुठीत पळीसारखा धरलेला होता, आणि त्या पकडीत तो आत वळवून खालच्या दाढांच्या जिभेकडच्या बाजूला टेकवणे त्यांना शक्यच नव्हते. विजेच्या ब्रशची जाड मूठ त्यांच्या हातात व्यवस्थित बसली. संधिवात, हाताचा कंप, अर्धांगवायूनंतरचा अशक्तपणा असलेल्यांना, दातांना तारा बसवलेल्या मुलांना आणि दुसऱ्याचे दात घासून देणाऱ्या घरच्या माणसांना हा खर्च सार्थकी लागतो, असे मला वाटते. ज्यांचे हात धड आहेत आणि गुलाबी रेघ ज्यांना दिसत नाही, त्यांना त्याची गरज नाही.

वापरण्याची रीत तेवढी नव्याने शिकावी लागते. ब्रश तोंडात घेतल्यावरच चालू करायचा, नाहीतर पेस्ट भिंतीवर उडते. एकेका दातावर तो नुसता टेकवून दोन-तीन सेकंद धरायचा, साध्या ब्रशसारखा घासायचा नाही. नंतर पेस्ट थुंकून टाकायची आणि भरपूर चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या शहरात ही शेवटची सवय तर दोन्ही बाजूंनी सोयीची आहे. चार्जिंगच्या ठाण्यात धातूची टोके नसतात. ठाण्यातल्या वेटोळ्यातून मुठीतल्या वेटोळ्यात रोहित्राच्या तत्त्वाने वीज जाते, म्हणून मूठ पूर्ण बंद ठेवता येते आणि ती ओल्या हाताने उचलली तरी भय नाही.

तीन आठवड्यांनी अक्का पुन्हा आल्या आणि आम्ही गोळीचा प्रयोग पुन्हा केला. हिरडीलगतची रेघ जवळजवळ नाहीशी झाली होती. उजवीकडच्या खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला मात्र रंग होताच. विचारल्यावर कळले की तिथे पोचेपर्यंत दोन मिनिटे संपतात आणि ब्रश थांबतो, म्हणून त्याही थांबतात. आता त्या घासायची सुरुवात त्याच कोपऱ्यापासून करतात.