किल्ला (दिवाळीतील)

दिवाळीच्या सुटीत मुलांनी माती, विटा व दगड रचून उभारायची गडाची प्रतिकृती. महाराष्ट्रात ही प्रथा बऱ्याच ठिकाणी आढळते. येथील विवेचन मुख्यतः पुण्यापुरते आहे.

या प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. लोकसमजूत तिला थेट शिवकालात नेते. हा दावा बहुधा सांगोवांगीवर उभा आहे. दुसरे मत तिचा संबंध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीशी लावते. टिळकांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला आणि शिवचरित्र घरोघरच्या सणांत शिरले, असा त्याचा आशय. तिसरे मत दिवाळीतल्या शेणाच्या गवळणी-पांडवांकडे व बलिप्रतिपदेच्या गोवर्धनाकडे बोट दाखवते. मुहूर्त आणि अंगण या जुन्या खेळाचे, सिंहासनावर महाराज मागाहून आले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या कुंभारवेशीत मिळणारी ‘चित्रे’, म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती, पाहिली तर मावळे व तोफांच्या शेजारी गवळण असतेच, आणि गडावर तिचे तसे काही काम नसते. पुष्कळदा ती बुरुजाहून उंचही भरते.

विटांच्या ढिगावर पातळ चिखलात बुचकळलेले गोणपाट पसरतात, वरून माती लिंपतात. मऊ मातीत बोटाने पायऱ्या काढतात, पायथ्याशी वाघाची गुहा कोरतात. ओल्या उतारावर हळीव किंवा मोहरी पेरून पाणी शिंपडले की तीन-चार दिवसांत हिरवळ धरते. घाईने पाणी ओतल्यास बी ओघळून तळ्यात, म्हणजे पुरलेल्या ताटलीत, जमा होते.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रबेलने बालोद्यानातील (किंडरगार्टनमधील) हस्तोद्योगांत मातीकामाला स्थान दिले होते. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये स्थापलेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या परंपरेतही हातांनी करून शिकण्यावर भर आहे. किल्ल्यावर तीन-चार वर्षांचे मूल खडे वेचते, गोळे वळते, थापते. बुरूज कलला की मोठी भावंडे त्यालाच हात लावून धरायला सांगतात. माती किती ओली असावी, हे त्याला असेच कळते.

स्पर्धांत राजगडाच्या तीन माच्या व बालेकिल्ला हुबेहूब हवा असतो, तेव्हा काम बहुधा वडीलधाऱ्यांकडे जाते. वाड्यांची अंगणे गेल्यावर किल्ला सोसायटीच्या पार्किंगमध्ये आला. तयार प्लॅस्टरचे किल्लेही विकत मिळतात.

काही घरी तो तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात. मग चित्रे खोक्यात जातात, माती कुंड्यांत.