स्प्रिंट दोन आठवड्यांचाच हवा का?

स्क्रम म्हणजे टीमने छोट्या टप्प्यांत काम करण्याची एक पद्धत, आणि त्यातला ठरलेल्या लांबीचा प्रत्येक टप्पा म्हणजे स्प्रिंट. ‘स्प्रिंट दोन आठवड्यांचाच हवा, नाहीतर ते स्क्रम नव्हे,’ असं बऱ्याच टीममध्ये मानलं जातं. बहुतेक ठिकाणी दोनच आठवडे दिसतात, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण या पद्धतीचे नियम सांगणारं २०२० चं स्क्रम गाईड उघडून पाहा. ते मोफत आहे आणि पंधरा पानांच्या आत संपतं. त्यात अट एवढीच: लांबी ठरलेली हवी, एक महिना किंवा त्याहून कमी.

मग किती ठेवायची? गेल्या पाच-सहा स्प्रिंटच्या नोंदी काढा. प्राधान्यक्रम सारखा मधेच बदलत असेल, तर आठवड्याचा स्प्रिंट करून बघा. टेस्टिंग दरवेळी पुढे ढकललं जात असेल, तर आधी कामाचे तुकडे लहान करा; लांबी वाढवणं हा मला तरी शेवटचा उपाय वाटतो. बदल चालू स्प्रिंट संपल्यावरच करा. नव्या वेलॉसिटीची (म्हणजे एका स्प्रिंटमध्ये किती काम पूर्ण होतं त्याची) जुनीशी थेट तुलनाही नको, कारण दिवसच वेगळे आहेत.