खोक्यावरचा मोठा आकडा म्हणजे जनरेटरची ताकद नव्हे

"खोक्यावर 9000 लिहिलंय, म्हणजे 9000 वॅट दिवसभर बिनधास्त चालतील." हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे. पेट्रोल जनरेटरवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा सुरुवातीच्या झटक्याचा असतो. तेवढी ताकद काही सेकंदच मिळते. तासन्‌तास मिळणारा आकडा बारीक अक्षरात, ‘रनिंग’ किंवा ‘रेटेड’ वॅट म्हणून दिलेला असतो. खरेदी त्याच्यावर करायची.

झटका लागतो तो मोटरमुळे. थांबलेली मोटर फिरायला लागताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. 1 एचपीचा पंप चालताना साधारण 1000 वॅट घेतो. पण बटण दाबताक्षणी जनरेटर कण्हतो, दिवे मंद होतात आणि क्षणभराने सगळं सावरतं. त्या क्षणासाठीच मोठा आकडा. म्हणून एकाच वेळी चालणाऱ्या सगळ्या वस्तूंचे वॅट मिळवा, त्यात सर्वांत मोठ्या मोटरचा जादा झटका धरा, आणि मोटरी एकेक करून सुरू करा. हीटरला किंवा इस्त्रीला असा झटका लागत नाही.

आकडा वॅटऐवजी केव्हीएमध्ये (किलोव्होल्ट-अँपिअर) असेल तर पॉवर फॅक्टर बघा, म्हणजे त्यातला किती भाग प्रत्यक्ष वॅट म्हणून मिळतो ते प्रमाण. तो 0.8 असेल तर 5 केव्हीए म्हणजे 4 किलोवॅटच.

आणि कळकळीची विनंती: जनरेटर घरात, गॅरेजमध्ये, व्हरांड्यात चालवू नका, खिडक्या उघड्या असल्या तरीही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. यंत्र निदान 6 मीटर दूर, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला ठेवा.