सिंगापुरा मांजर आणि 'नैसर्गिक जात' हा शिक्का

सिंगापुरा ही घरगुती मांजरांमधली सर्वांत लहानखुऱ्या जातींपैकी एक. मादी दोन किलोच्या आसपास भरते, बोका तीन-साडेतीनपर्यंत जातो आणि पूर्ण वाढ व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. अंग मात्र भरीव, त्यामुळे उचलल्यावर ती दिसते त्यापेक्षा जड लागते. रंग एकच मान्य आहे, हस्तिदंती अंगावर गडद तपकिरी छटा. एखादा केस वेगळा करून पाहिला तर मुळाशी फिकट, वर आलटून पालटून गडद-फिकट पट्टे आणि टोक गडद, असं दिसतं. हनुवटी, छाती आणि पोट कोऱ्या मांजरपाटाच्या रंगाचं. कान मोठे, डोळे टपोरे, डोळ्यांच्या कडांना काळसर रेघ.

सिंगापूरच्या गटारांच्या आडोशाला अशी छोटी तपकिरी मांजरं पूर्वापार राहत होती, असं सांगतात. जातीचा नोंदलेला इतिहास मात्र १९७५ पासूनचा. त्या वर्षी एक अमेरिकी जोडपं तीन मांजरं घेऊन सिंगापूरहून मायदेशी परतलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या नोंदणी संस्थेने १९८२ मध्ये जातीची नोंद सुरू केली आणि १९८८ मध्ये तिला अजिंक्यपदाच्या स्पर्धेत प्रवेश दिला. माणसाने संकर करून घडवलेली नाही म्हणून वर्ग मिळाला 'नैसर्गिक जात'.

वाद इथूनच सुरू होतो. १९८७ मध्ये सिंगापुराच्या शोधात सिंगापूरला गेलेल्या एका अमेरिकी हौशी पैदासकाराच्या हाती आयातीची कागदपत्रं लागली. त्यांनुसार ती तीन मांजरं १९७४ मध्येच अमेरिकेतून सिंगापुरात आणलेली होती. १९९० मध्ये सिंगापूरच्या वृत्तपत्रातून हे प्रकरण गाजलं. जोडप्याचा खुलासा असा, की नवऱ्याच्या कामानिमित्तच्या आधीच्या फेरीत, १९७१ मध्ये, सिंगापूरहून काही मांजरं अमेरिकेला पाठवली होती आणि ही त्यांचीच नातवंडं. संस्थेने चौकशी केली, गैरप्रकार आढळला नाही असा निर्वाळा दिला आणि वर्ग कायम ठेवला. १९८१ मध्ये सिंगापूरमधल्या प्राणी-निवाऱ्यातून आणलेली तशीच एक मांजर पैदाशीत आली होती, हा मुद्दाही जातीच्या बाजूने मांडला गेला.

दुसऱ्या बाजूचा संशय असा, की गडद तपकिरी बर्मीज आणि केसांवर पट्टे असलेली ॲबिसिनियन या दोन जातींच्या संकरातून हे रूप सहज मिळू शकतं. २००८ मध्ये छापून आलेल्या जनुकीय अभ्यासात सिंगापुरा आणि बर्मीज एकमेकींच्या फार जवळच्या निघाल्या. त्यावरून अनेकांनी निकाल लावून टाकला, पण तो घाईचा आहे. बर्मीजचा गडद तपकिरी रंग आणि केसांवरचे पट्टे, या दोन्हींची जनुकं आग्नेय आशियातल्या रस्त्यावरच्या मांजरांतही सापडतात. अमेरिकेतल्या बर्मीजचा वंशही १९३० मध्ये ब्रह्मदेशातून नेलेल्या एकाच मांजरीपासून वाढलेला. म्हणजे जवळीक संकरातून येऊ शकते, तशीच मूळ प्रदेश एक असल्यानेही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तपासलेल्या जातींत सर्वांत कमी जनुकीय वैविध्य असलेल्यांत या दोघी होत्या. मूळ मांजरं मूठभर, त्यात 'नैसर्गिक' जातीत बाहेरचं रक्त आणायला सहसा मुभा नसते. लाल रक्तपेशी लवकर फुटून पंडुरोग होणारा आनुवंशिक दोष या जातीत आहे. त्याची चाचणी करूनच जोडी लावावी लागते. काही माद्यांना विताना कळा पुरेशा येत नाहीत, मग शस्त्रक्रिया करावी लागते. वंशावळ कुणाची खरी यावर वर्षानुवर्षं भांडताना या माद्यांकडे जेवढं लक्ष जायला हवं होतं तेवढं गेलं नाही.

स्वभावाबद्दल मात्र दुमत नाही. आवाज हळू, माणसांची ओढ दांडगी. स्वयंपाक चालला असेल तर ओट्यावर हजर, कागद पसरले की त्यांवर ठाण, पाहुणे आले तरी लपायचं नाव नाही. म्हातारपणीही खेळ सुटत नाही.

खुद्द सिंगापूरने वाद ताजा असतानाच, १९९१ मध्ये, पर्यटनाच्या प्रचारासाठी हिलाच 'कुचिंता' नावाने शुभचिन्ह केलं; नदीकाठी तिचे पुतळेही बसवले. त्याच वेळी सरकारी गृहसंकुलांत, जिथे बहुसंख्य सिंगापूरकर राहतात, मांजर पाळायला बंदी होती. ती १ सप्टेंबर २०२४ ला उठली. आता एका घरात दोन मांजरं ठेवता येतात, परवाना काढून आणि मायक्रोचिप बसवून.