साग ओळखायचा तो टोकाकडून

दाराच्या चौकटीसाठी लाकूड बघायला वखारीत गेलात, की 'आफ्रिकन टीक' हे नाव हमखास कानावर पडते. या एका नावाखाली दोन निराळी लाकडे विकली जातात. घाना, आयव्हरी कोस्ट इथल्या लागवडीचा साग हा आपलाच साग, शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस. त्याला नकली म्हणण्याचे कारण नाही. दुसरे लाकूड इरोको. ते झाड वड-फणसाच्या कुळातले, तर साग चक्क तुळशीच्या कुळातला! रंग मात्र दोघांचाही सोनेरी-तपकिरी. रंध्याचे पाते बोथट झाले यावरूनही निर्णय होत नाही, कारण सागात सिलिका असते आणि इरोकोत कॅल्शियम कार्बोनेटचे खडे.

म्हणून फळीचे टोक बघावे. करवतीने तंतू फाटतात. धारदार ब्लेडने टोकाचा छोटा भाग गुळगुळीत कापा, किंचित ओला करा आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग लावा. दिसणारी छिद्रे म्हणजे पाणी वाहणाऱ्या नळ्यांची, म्हणजे वाहिन्यांची, कापलेली तोंडे. सागात मोठ्या छिद्रांची ओळ वर्षवलयाच्या सुरुवातीला दिसते, पुढे छिद्रे लहान आणि विरळ होत जातात, मग पुन्हा एकदम मोठी ओळ. इरोकोत छिद्रे सगळीकडे विखुरलेली असतात आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना फिकट पंखाकार पट्टे असतात.

उष्ण प्रदेशातल्या झाडांत वर्षवलये नसतात, हा समज सागाने खोटा ठरवला आहे. कोरड्या ऋतूत त्याची पानगळ होते, पुढच्या वाढीच्या आरंभी रुंद वाहिन्या तयार होतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केरळच्या सागाच्या वलयांवरून जुन्या दुष्काळांचा माग काढला आहे.

आता माझा आवडता भाग. गाभ्यातली, म्हणजे खोडाच्या आतल्या गडद लाकडातली, काही छिद्रे भिंगाखाली चमकतात. वाहिनीच्या पेशी मृत असतात, पण तिला खेटून मूल ऊती (पॅरेन्कायमा) या जिवंत पेशी असतात. वाहिनीतला पाण्याचा स्तंभ सतत ताणाखाली असतो. हवा शिरली की तो तुटतो आणि वाहिनी निकामी होते. मग शेजारची जिवंत पेशी, दोघींमधल्या भिंतीतल्या पिटमधून (भिंत पातळ असलेल्या खळग्यातून), फुग्यासारखी वाहिनीत फुगते. पेशीद्रव्य आत जाते, कधी केंद्रकसुद्धा. असे अनेक फुगे एकमेकांवर दाबले जाऊन वाहिनी बंद करतात. यालाच टायलोसिस म्हणतात, आणि भिंगाखालची ती चमक याच फुग्यांची. पिटचे तोंड पुरेसे रुंद, साधारण दहा मायक्रोमीटर, असेल तरच हे जमते. अरुंद पिटच्या जातींत पेशी त्याऐवजी डिंकासारखा पदार्थ सोडते.

बुजलेल्या वाहिन्यांतून पाणी आणि बुरशी सहज पुढे सरकत नाही. तरी सागाच्या टिकाऊपणाचे मुख्य श्रेय टेक्टोक्विनोनसारख्या रसायनांना, आणि ती साठतात गाभ्यात. बाहेरच्या फिकट लाकडात ती फारशी नसल्यामुळे सागालाही कीड लागते. अमावास्येला तोडलेले लाकूड किडत नाही म्हणतात. भुंगेऱ्यांना मात्र तिथी कळत नाही, त्यांना हवा असतो स्टार्च. चौकट घेताना पंचांगापेक्षा फळीची फिकट कड तपासा.

भिंगाची मर्यादाही सांगतो. म्यानमारने 2014 मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, तरी 'बर्मा टीक'चा भाव चढाच. बर्माचा साग आणि बल्लारशाचा 'सीपी टीक' (सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) ही एकच जात, त्यामुळे बिलावरचा 'बर्मा' खरा की खोटा हे भिंगातून कळणार नाही. त्यासाठी डीएनए किंवा समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंची) तपासणी लागते.