दूरदेशीचे युद्ध आणि गोमंतकीय घर

दूरदेशीचे युद्ध आणि गोमंतकीय घर : आपल्या भूमीवर न लढल्या गेलेल्या आणि आपण न पुकारलेल्या युद्धांचे घरावर, गावावर व गावच्या अर्थव्यवहारावर जे परिणाम होतात, त्यांचा गोव्यापुरता विचार या नोंदीत केला आहे. गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौ. किमी. असले, तरी इथली माणसे कित्येक पिढ्या पोटासाठी बोटींवर, पूर्व आफ्रिकेत, ब्रह्मदेशात आणि पुढे आखाती देशांत जात आली आहेत. त्यामुळे जगाच्या पाठीवर कुठेही युद्धाला तोंड फुटले, की गोव्यातल्या कुठल्या ना कुठल्या वाड्यावर त्याची झळ पोहोचते. अशा युद्धाची घरातली पहिली खूण बहुधा एकच असते : ठरलेल्या तारखेला येणारे पत्र किंवा पैसे येत नाहीत. त्यानंतरचे सगळे वाट पाहण्याचे दिवस असतात, आणि ते मुख्यतः बायकांच्या वाट्याला येतात. युद्धाच्या इतिहासात या वाट पाहण्याला फारशी जागा मिळालेली नाही.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला, म्हणून पोर्तुगीज अमलाखालचा गोवाही कागदोपत्री तटस्थ होता. प्रत्यक्षात बार्देश आणि सासष्टी या तालुक्यांतील असंख्य घरांचे कर्ते पुरुष ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी, बटलर, स्टुअर्ड म्हणून नोकरीला होते. गोव्यात अशा माणसाला ‘तारवटी’ म्हणतात. भरतीसाठी ही माणसे मुंबईला जात आणि आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडी’त, म्हणजे सामाईक बिऱ्हाडात, उतरत. धोबी तलाव आणि माझगाव भागात अशा कुडी होत्या. काही आजही आहेत. एक वेदी, भिंतीलगत एकावर एक रचलेल्या पेट्या आणि निजायला सतरंजीपुरती जागा, एवढाच तिचा संसार. बोट बुडाल्याची वार्ता आधी कुडीत पोहोचायची आणि तिथून गावी निघालेल्या माणसाबरोबर घरी जायची. तटस्थ देशाचा हा रहिवासी लढणाऱ्या देशाच्या जहाजावर मरत असे, पण त्याच्या मरणाने गोव्याची तटस्थता भंगली असे कोणी मानले नाही. ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘तिलावा’ ही बोट मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे निघाली असता २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जपानच्या आय-२९ या पाणबुडीने ती बुडवली आणि २८० जण दगावले. मोंबासा, लोरेन्सु मार्किश (आजचे मापुतो), डर्बन ही तिच्या वाटेवरची बंदरे गोव्यातल्या घरांत तालुक्याच्या गावांइतकीच ओळखीची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बातमीने किती दारांत जीव टांगणीला लागले असतील याची कल्पना येते.

हे युद्ध मुरगावच्या बंदरातही शिरले. ‘एरेनफेल्स’, ‘द्राखेनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ ही तीन जर्मन जहाजे आणि ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाज तटस्थ बंदर म्हणून तिथे आश्रयाला थांबले होते. ९ मार्च १९४३ च्या पहाटे कोलकात्याहून गुप्तपणे आलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या तुकडीने एरेनफेल्सवर हल्ला केला, कारण तिच्यावरील बिनतारी यंत्रातून दोस्तांच्या जहाजांची खबर पाणबुड्यांना दिली जात असल्याचा संशय होता. ही चारही जहाजे त्यांच्याच खलाशांनी बुडवली. ज्या पाणबुड्यांची भीती गोव्यातल्या तारवट्यांच्या घरांना होती, त्यांना खबर देणारे यंत्र गोव्याच्याच पाण्यात उभे होते, असा, तो संशय खरा मानला तर, याचा अर्थ होतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच धक्क्यावर जपानचे ‘तेइया मारू’ आणि स्वीडनचे ‘ग्रिप्सहोम’ ही जहाजे समोरासमोर लागली आणि दोन्ही बाजूंकडे अडकलेल्या प्रत्येकी सुमारे दीड हजार नागरिकांची अदलाबदल झाली. परक्या देशांतली कुटुंबे मुरगावात सुटत होती, त्या वेळी गावातल्या कुटुंबांना मात्र आपल्या माणसांची खबर नव्हती.

स्वयंपाकघरात हे युद्ध तांदळाच्या रूपाने आले. गोव्याचे भात वर्षभर पुरत नसे, बाहेरच्या तांदळावर भागवावे लागे. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडल्यावर ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला आणि टंचाई व मापाचे धान्य लोकांच्या वाट्याला आले. त्याच सुमारास रंगूनमध्ये स्थिरावलेली भारतीय आणि गोमंतकीय कुटुंबे हाती लागेल ते घेऊन परतू लागली.

दूरच्या युद्धाला गोव्याने नकार दिल्याचे एक उदाहरण याहून जुने आहे आणि ते मराठी वाचकांना अधिक जवळचे वाटेल. १८९५ मध्ये मोझांबिकमधील गाझा राज्याविरुद्धच्या लढाईसाठी पोर्तुगीज सरकारने गोव्यातील मराठा शिपायांना आफ्रिकेत पाठवायचे ठरवले. शिपायांनी बंड केले आणि ते सत्तरी तालुक्यात शिरले. तिथले राणे हे जमीनदार घराणे त्यांना मिळाले. बंड मोडण्यासाठी राजाचा भाऊ दों आफोंसु याला पोर्तुगालहून फौज घेऊन यावे लागले. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडेल ही भीती या बंडाचे कारण म्हणून नेहमी सांगितली जाते. ती खरी असेलही, पण एवढ्यावर थांबणे शिपायांवर अन्याय करण्यासारखे आहे. हंगामात शेत कोण नांगरील, पगार घरी कोण पोहोचवील, आपण परत आलो नाही तर बायकामुले कोणाच्या दारी जातील, हे प्रश्न त्यांच्यापुढे नव्हते असे मानणे कठीण आहे.

आजच्या पिढीच्या आठवणीतले दूरचे युद्ध म्हणजे कुवेत. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत व्यापले, तेव्हा तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते आणि त्यांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता. टेलिफोन बंद पडले. कुवेती दिनार हे जगातल्या सर्वांत महाग चलनांपैकी एक होते. इराकने ते चलनातून काढले आणि आयुष्यभराची कमाई हातातल्या हातात कागद झाली. लोक बगदादमार्गे जॉर्डनच्या सीमेवर पोहोचले आणि वाळवंटातल्या छावण्यांत दिवस काढून अम्मानला आले. तिथून एअर इंडियाने सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे करून त्यांना मायदेशी आणले. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो आणि तो सांगावाच. पण विमान मुंबईला उतरले आणि माणूस एका पिशवीनिशी दारात उभा राहिला, तिथून घराची खरी परीक्षा सुरू झाली.

तोपर्यंतचे दिवस घरांनी कसे काढले, हेही नोंदवायला हवे. दर महिन्याला रजिस्टर टपालाने ड्राफ्ट यायचा आणि त्यावर घर चालायचे : वाण्याची उधारी, मुलांची फी, म्हाताऱ्यांची औषधे, बँकेचा हप्ता. ड्राफ्ट थांबला की आधी वाण्याच्या वहीतले पान वाढे, मग सोन्याच्या बांगड्या गहाण पडत. ज्या घराचे काम चालू होते ते तसेच राही : चिऱ्यांच्या भिंती खिडकीच्या उंचीपर्यंत आलेल्या, खांबांतून वर आलेल्या लोखंडी सळ्या पावसात गंजत चाललेल्या आणि माडाच्या झावळ्यांनी झाकलेला सिमेंटचा साठा गोठून दगड झालेला. ऑगस्ट म्हणजे श्रावण-भाद्रपदाचा काळ. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची की नाही, असा प्रश्न हिंदू घरांत पडे, आणि ‘तो सुखरूप असेल तर त्याच्या नावाने बांधूया’ म्हणून घरातली वडीलधारी बाई ती बांधायला लावी. काहींनी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले. मूर्तीला लावलेली फुलाची पाकळी उजवीकडून पडली म्हणजे देवाने होकार दिला, या श्रद्धेने प्रसाद लावला. ख्रिस्ती वाड्यांवर खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लादाइन ही सामूहिक प्रार्थना झाली. ज्या घरचा माणूस अडकला होता, त्याच्या अंगणात दोन्ही धर्मांचे शेजारी बसत, आणि ज्याच्याकडे टीव्ही होता त्याच्या ओटीवर बातम्यांच्या वेळी सगळा वाडा जमे.

परत आलेल्यांपुढे दुसरीच अडचण उभी राहिली. पंधरा-वीस वर्षे पैसे पाठवणारा माणूस घरात बसलेला पाहायची मुलांना सवय नव्हती. ती वडिलांना सुट्टीतल्या दोन महिन्यांपुरती ओळखत होती. बायको एवढ्या वर्षांत घराचा कारभार स्वतः हाकायला शिकली होती आणि आता तिला पुन्हा विचारून वागायचे होते. या ताणाला कोणत्याही नुकसानभरपाईच्या अर्जात रकाना नव्हता. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये नेमलेल्या भरपाई आयोगाने देश सोडावा लागलेल्यांना ठरावीक रक्कम दिली. प्रत्येक माणसामागे २,५०० डॉलर आणि कुटुंबामागे ५,००० डॉलर हा त्यातला मूळ दर होता. इतर नुकसानीचे दावे वेगळे चालले. पासपोर्टवरचे शिक्के, कंपनीचे पत्र, पगाराची पावती असे पुरावे मागितले गेले. यातले बरेचसे कुवेतमधल्या कुलूपबंद खोल्यांतच राहिले होते. आयोगाचा शेवटचा हप्ता २०२२ मध्ये चुकता झाला.

गोव्याचा कौटुंबिक कायदा या प्रसंगी घराच्या मदतीला येतो आणि आडवाही येतो. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. स्थावर मालमत्ता विकताना दोघांची संमती लागते. त्यामुळे नवरा बेपत्ता असला तरी अर्धी मालमत्ता बायकोचीच राहते आणि सासरच्यांना तिला सहज बाहेर काढता येत नाही; देशात इतरत्र विधवांच्या आणि परित्यक्तांच्या वाट्याला जे येते, ते पाहता हे संरक्षण मोलाचे आहे. पण त्याच नियमामुळे नवऱ्याची सही किंवा त्याने दिलेले मुखत्यारपत्र नसेल तर कर्ज फेडण्यासाठी जमिनीचा तुकडाही विकता येत नाही. म्हणून जाणते तारवटी बोटीवर चढण्याआधी बायकोच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवतात. बेपत्ता माणसाला मृत मानायला भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार (आणि आधीच्या भारतीय पुरावा कायद्यानुसारही) सात वर्षे त्याची काहीच खबर नसणे आवश्यक असते. त्यानंतर ‘इन्व्हेंटरी’, म्हणजे वारसांची वाटणी, सुरू होऊ शकते. सात वर्षे कुंकू लावायचे की नाही, हे बाईने रोज सकाळी आरशासमोर ठरवायचे असते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा युद्ध उलट्या बाजूने गोव्यात आले. भारतीय विद्यार्थ्यांना, विशेषतः वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांना, सरकारने विमानांनी परत आणले. ‘ऑपरेशन गंगा’त सुमारे २२,५०० जण परतले. पण पेडणे तालुक्यातल्या मोरजी, आश्वे, हरमल या किनारी गावांत हे युद्ध पाहुण्यांच्या रूपाने आधीच राहत होते. दाभोळी विमानतळावर रशियन प्रवाशांची खास विमाने उतरत, किनाऱ्यावरच्या शॅकच्या, म्हणजे झोपडीवजा उपाहारगृहांच्या, मेनूवर रशियन अक्षरे असत, आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांत रशियन आणि युक्रेनी कुटुंबे शेजारी-शेजारी राहत असत. मार्चमध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातले काम थांबवले आणि रशियन बँकांची कार्डे परदेशात चालेनाशी झाली. एटीएमसमोर उभा असलेला माणूस यंत्रात पुन्हा पुन्हा कार्ड घालत होता आणि यंत्र ते परत करत होते. त्याचे थकलेले भाडे म्हणजे मोरजीतल्या एखाद्या घराचा महिन्याचा किराणा होता. युक्रेनी पाहुण्यांना घरी परतायला घरच उरले नव्हते. अनेक घरमालकांनी भाडे मागितले नाही. त्याच महिन्यात सूर्यफुलाचे तेल महागले, कारण भारतात येणाऱ्या या तेलाचा मोठा हिस्सा युक्रेन आणि रशियातून येत असे.

तांबडा समुद्र आणि आखात हे या विषयातले अलीकडचे प्रकरण आहे. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हुती बंडखोर व्यापारी जहाजांवर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सोडू लागले. अनेक कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेली आणि एकेका फेरीला दहा ते चौदा दिवस वाढले, म्हणजे माणसाचे घरी येणेही तेवढे लांबले. १३ एप्रिल २०२४ रोजी इराणने होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ ताब्यात घेतलेल्या ‘एमएससी एरीज’ या मालवाहू जहाजावर १७ भारतीय होते. घरच्यांच्या चिंतेचे साधनही बदलले आहे. मोबाइलवरच्या नकाशात जहाजाचा ठिपका दिसतो. बायको आणि आई दिवसातून दहादा तो पाहतात. धोक्याच्या पट्ट्यात काही जहाजे आपली ओळख देणारे यंत्र बंद करतात. तेव्हा ठिपका शेवटच्या जागी थिजून राहतो, आणि व्हॉट्सअॅपवर ‘लास्ट सीन’ची वेळ कालचीच दिसते. जून २०२५ मध्ये इराणने कतारमधल्या अमेरिकेच्या अल उदेद तळावर क्षेपणास्त्रे डागली, तेव्हा तिथली हवाई हद्द बंद झाली होती. त्या रात्री गोव्यातल्या कित्येक घरांत दिवे मालवले गेले नाहीत.

आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ (आयटीएफ) आणि जहाजमालक यांच्यातील करारानुसार, युद्धसदृश म्हणून जाहीर झालेल्या पट्ट्यात जायला नकार देण्याचा हक्क खलाशाला असतो. नकार दिला तर कंपनीच्या खर्चाने घरी परत पाठवणे आणि दोन महिन्यांचे मूळ वेतन त्याला मिळते. तो गेला तर त्या दिवसांचे दुप्पट मूळ वेतन आणि मृत्यू वा अपंगत्व आल्यास दुप्पट भरपाई मिळते. १९४२ च्या तारवट्याला कोणी विचारले नव्हते. आता फॉर्म समोर येतो, आणि सही करण्याआधी तो घरी फोन लावतो. घराचे कर्ज अजून फिटलेले नसते, थोरल्या मुलीचे शिक्षण चालू असते, पुढच्या वेळी कंपनी बोलावील की नाही याचा भरवसा नसतो. बायको विचारते, ‘तुम्हांला काय वाटतं?’ आणि तो म्हणतो, ‘तू सांग.’